कसेल त्याचं शरीर

शरीरशास्त्राचं कुठलंही प्राथमिक पुस्तक उघडा, पहिल्या काही पानांतच मालमत्तेची यादी सापडते. हाडं २०६, स्नायू सहाशेहून अधिक, फुप्फुसं दोन, मूत्रपिंडं दोन, हृदय एक, लहान आतडं सुमारे सहा मीटर. चतुःसीमाही चोख दिलेल्या असतात. यकृत उजवीकडे श्वासपटलाखाली, प्लीहा डावीकडे जठराच्या मागे, स्वादुपिंड त्यांच्या मधल्या बोळात. कोरा राहतो तो एकच रकाना: हे सगळं कुणाच्या नावावर आहे? लेखक तो भरत नाही, कारण वाचणाऱ्यानं तो मनातल्या मनात केव्हाच भरलेला असतो. माझं पोट, माझं डोकं, माझे गुडघे असं म्हणत माणूस सगळा जन्म काढतो आणि कुणी त्याच्याकडे उतारा मागत नाही. मागितला तर मात्र पंचाईत आहे. महाराष्ट्रात शेतजमिनीच्या मालकीचा निवाडा ज्या तत्त्वावर झाला ते तत्त्व इथं लावलं, तर शरीरावरचा आपला हक्क पहिल्या तारखेलाच निकालात निघेल, असं माझं म्हणणं आहे.

ते तत्त्व सगळ्यांना तोंडपाठ आहे: कसेल त्याची जमीन. १९४८ सालचा कुळकायदा, पुढे त्यातली दुरुस्ती, आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. त्या दिवशी जे प्रत्यक्ष जमीन कसत होतं ते कूळ कायद्याच्या नजरेत मालक झालं, आणि जो शहरात राहून सुगीला खंड गोळा करायला येत होता त्याला मोबदला घेऊन बाजूला व्हावं लागलं. सातबारा ज्यांनी पाहिला आहे त्यांना ठाऊक आहे की सात हा हक्काचा नमुना आणि बारा हा पीकपाहणीचा. सातवर नाव कुणाचंही असो. भांडण पेटतं ते बारावर, कारण नांगर कुणी धरला ते तिथं कळतं. आता शरीराकडे पाहा. ज्याला आपण 'मी' म्हणतो तो मालक पार वरच्या मजल्यावर, कवटीत राहतो. समोर दोन खिडक्या आहेत. दिवसभर तो त्यांतून बाहेर बघतो, शेजाऱ्यांविषयी मतं बनवतो, निवडणुकीचे अंदाज बांधतो. शेतावर तो कधी उतरलेला नाही. आपलं स्वादुपिंड त्यानं पाहिलेलं नाही, आणि उद्या कुणी ताटात काढून समोर ठेवलं तर तो ते ओळखणारही नाही.

जमिनीची मोजणीसुद्धा त्याला नीट करवून घेता आली नाही. हाडंच घ्या. चरकसंहितेत ती ३६० आहेत. सुश्रुतसंहिता म्हणते, वेदवादी ३६० मानतात, पण शल्यतंत्रात ती ३०० च. आजच्या पुस्तकांत २०६. यात कुणी खोटं बोलत नव्हतं. जुन्या याद्यांत दात धरलेले आहेत, आपण ज्यांना कूर्चा म्हणतो तीही धरलेली आहे, आणि नखंही कुणी मोजली, कुणी सोडली. सुश्रुताची पद्धत तर अशी की आजच्या मोजणीदारानं लाजावं. प्रेत गवतानं गुंडाळून, पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात ठेवायचं, सात रात्रींनी काढायचं आणि वाळ्याच्या किंवा बांबूच्या कुंच्यानं हळूहळू घासत एकेक थर उलगडून डोळ्यांनी पाहायचा. युरोपात याहून मोठा घोळ झाला. दुसऱ्या शतकातल्या गेलननं शरीररचनेचं जे वर्णन केलं ते मुख्यतः माकडं, डुकरं आणि इतर जनावरं कापून केलं. म्हणजे मोजणी शेजारच्या रानाची झाली आणि नकाशा आपल्या फायलीला लागला. सुमारे तेराशे वर्षं तो कुणी बदलला नाही. १५४३ मध्ये व्हेसेलियसनं माणसाच्या देहावरून नवा नकाशा छापला, तेव्हा गेलनच्या मते दोन हाडांचा असलेला आपला खालचा जबडा एकाच हाडाचा निघाला. तेराशे वर्षं सगळा युरोप त्याच जबड्यानं जेवत होता, वाद घालत होता, आणि आत जोड आहे की नाही हे एकाही मालकाला हात लावून ठरवता आलं नव्हतं.

आता बाराचा उतारा. पहिलं कूळ मूत्रपिंड. ही जोडी दिवसाला सुमारे १८० लिटर द्राव गाळते. रक्तातला द्राव असतो जेमतेम तीन लिटर. म्हणजे तोच तो द्राव रोज साठ वेळा गाळून निघतो. त्यातलं ९९ टक्के पाणी परत आत घेतलं जातं, आणि दीड-दोन लिटर मूत्र म्हणून बाहेर जातं. किती मीठ ठेवायचं, किती सोडायचं, रक्ताची आम्लता कुठं राखायची, हे सगळं तिथंच ठरतं. मालकानं रात्री दोन पापड आणि लोणच्याची फोड जास्त घेतली, तर त्याला फक्त तहान लागते. बाकी हिशेब मूत्रपिंड जुळवतं. आतड्यांकडे रोज नऊ लिटर द्राव येतो. त्यातला मालकानं प्यायलेला दोनच लिटर, उरलेला सात लिटर लाळ, जठररस, पित्त वगैरे रूपानं शरीरानंच ओतलेला. बाहेर जाताना त्यातलं शे-दोनशे मिलिलिटर पाणी उरतं. दुष्काळी तालुक्याच्या पाणीवाटप समितीनं या आतड्यांकडे अभ्यासदौरा काढायला हरकत नाही. हाडांच्या पोकळीतला मगज दर सेकंदाला सुमारे वीस लाख तांबड्या पेशी तयार करतो, त्या साधारण १२० दिवस टिकतात आणि मग मोडीत निघतात. हे वाक्य वाचून होईपर्यंत एक कोटीच्या वर माल निघालेला असेल, आणि त्याची एक पावती वरच्या मजल्यावर आलेली नसेल.

इथं पहिली हरकत येते आणि ती वजनदार आहे. हरकत अशी: हे सगळं मेंदू करवून घेतो, मेंदू म्हणजेच मी, तेव्हा कुळं कसली, हे तर माझे पगारी गडी. या युक्तिवादाचा पहिला अर्धा भागच लंगडा आहे. हृदयाचा ठोका मेंदूतून येत नाही. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक लहानसा पुंजका आहे, तो आपल्या आपण विजेची लहर सोडतो. मज्जातंतू काढून घेतले तर तो मिनिटाला शंभरच्या आसपास ठोके देतो. आपले विसावलेले सत्तर ठोके पडतात ते मेंदू भटक्या चेतेतून त्याला सतत आवरत असतो म्हणून. म्हणजे मेंदू हृदय चालवत नाही, फार तर 'जरा दमानं' म्हणतो. १९६७ च्या डिसेंबरात केपटाऊनला ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी पहिलं मानवी हृदय बदललं आणि पुढच्याच फेब्रुवारीत मुंबईच्या केईएममध्ये डॉ. पी. के. सेन यांनी भारतातला तसा पहिला प्रयत्न केला. अशा शस्त्रक्रियेत रक्तवाहिन्या शिवल्या जातात, मज्जातंतू जोडले जात नाहीत. तरी नवं हृदय नव्या छातीत चालू लागतं. मालक बदलला, गाव बदललं, कुळानं काम थांबवलं नाही; मालकीच्या दाव्याला याहून मोठा धक्का कोणता?

आतड्यांनी तर या बाबतीत निकालच लावला आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात बेलिस आणि स्टार्लिंग या दोघांनी १८९९ मध्ये दाखवलं, की आतड्याकडे जाणारे बाहेरचे सगळे मज्जातंतू तोडले तरी आतडं घास पुढे ढकलत राहतं, कारण त्याच्या भिंतीत स्वतःचं चेताजाळं आहे. त्यात दहा कोटींहून अधिक चेतापेशी आहेत. १९०२ मध्ये त्याच जोडीनं आतड्याचा एक तुकडा मज्जातंतूंपासून पूर्ण सोडवला, फक्त रक्तवाहिन्या राखल्या आणि त्यात आम्ल घातलं. लगेच स्वादुपिंडातून पाचकरस वाहू लागला. निरोप रक्तातून, रसायनाच्या रूपानं गेला होता. सिक्रेटिन असं नाव मिळालेलं हे संप्रेरकशास्त्रातलं पहिलं मोठं प्रकरण. दोन कुळांनी बांधावर उभं राहून आपसांत बोलून घेतलं, वाड्यावर वर्दीही दिली नाही. आणि उरलेल्या गोष्टी मेंदू करतो हे मान्य केलं, तरी कुठला मेंदू? रक्तदाब, श्वास, उलटी, शिंक यांचा कारभार मस्तिष्कपुच्छात, मानेच्या वर तळमजल्यावर चालतो. अंथरुणातून उठून उभं राहताच अर्धा लिटरभर रक्त पायांकडे उतरतं. मानेतल्या धमनीत बसलेले दाबमापक ते टिपतात, तळमजला दोन-तीन सेकंदांत नसा आवळतो, ठोके वाढवतो आणि मालक चक्कर येऊन पडत नाही. मालकाच्या मते त्यानं फक्त चहासाठी उठायचं ठरवलं होतं.

दुसरी हरकत हातापायांची. मी हात उचलतो तेव्हा तो उचलला जातो, हे तरी माझंच ना? या हरकतीवर मेंदूविज्ञानात एक प्रसिद्ध पुरावा दिला जातो: बेंजामिन लिबेट यांनी १९८० च्या दशकात केलेले प्रयोग, ज्यांत हालचालीची तयारी मेंदूत आधी सुरू होते आणि 'आता हलवतो' हे मालकाला नंतर जाणवतं. पण त्या प्रयोगांच्या अर्थावर अजून भांडण चालू आहे, तेव्हा तो साक्षीदार मी बोलावत नाही. गरजही नाही. मालकाला विचारा, बोटं हलवणारे स्नायू कुठं आहेत? तो बोटं दाखवेल. बोटांत ते नाहीतच. काही तळहातात आहेत आणि जोर लावणारे बहुतेक सगळे कोपराखालच्या हातात, तिथून दोऱ्या बोटांपर्यंत आलेल्या आहेत. दुसऱ्या हातानं कोपराखाली धरून बोटं नाचवली की गडी राहतात कुठं ते कळतं. मालक 'पेन उचल' असं मोघम बोलतो. कुठला स्नायू किती आवळायचा, कुठला त्याच वेळी सैल सोडायचा, याची वाटणी अनुमस्तिष्क आणि मज्जारज्जू करतात. मोघम बोलणं म्हणजे कसणं असेल, तर गावातला प्रत्येक पारावरचा म्हातारा शंभर एकरांचा बागायतदार ठरेल.

गिळण्याचं उदाहरण आणखी बोलकं आहे. घास चावणं, जिभेनं मागे नेणं इथपर्यंत मालकाचं राज्य. घास घशाच्या कमानीला लागला की राज्य खालसा. टाळू वर उचलला जातो, स्वरयंत्र पुढे-वर सरकतं, श्वास क्षणभर थांबतो, वाऱ्याच्या नळीवर झाकण पडतं आणि घास अन्ननळीत जातो. तिथून लाटेलाटेनं तो आठ-दहा सेकंदांत जठरात पोचतो, आणि माणूस शीर्षासनात असला तरी पोचतो. परत बोलावण्याची सोय मालकाकडे नाही. लग्नाच्या पंगतीत आग्रहाच्या चौथ्या जिलबीबद्दल ज्यांना पश्चात्ताप होतो त्यांना तो नेमका या कमानीच्या पलीकडे होतो.

तिसरी हरकत आपल्याकडे हमखास येते: योगी काय करतात मग? हृदय बंद पाडणारे योगी होते ना? होते, निदान म्हणवत तरी होते. १९६१ मध्ये वेंगर, बागची आणि आनंद या तिघांनी अशा योग्यांवरच्या प्रयोगांचा अहवाल प्रसिद्ध केला. छातीला नळी लावली तर ठोके ऐकू येईनात, मनगटावर नाडी लागेना. ईसीजीच्या कागदावर मात्र हृदय नेमानं चाललं होतं. श्वास कोंडून छातीचे आणि पोटाचे स्नायू जोरात आवळले की हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं, नाडी बारीक होते, स्नायूंच्या आवाजात ठोके बुडतात. यात योग्याची थट्टा करण्यासारखं काही नाही. तो आपल्याहून फार चांगला मालक आहे, कारण त्याच्या हाती जे आहे, म्हणजे श्वास आणि ऐच्छिक स्नायू, त्यांवर त्यानं वर्षानुवर्षं मेहनत घेतली. लोणावळ्याला १९२४ मध्ये कैवल्यधाम काढणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी हीच वाट धरली होती. क्ष-किरण आणि दाबमापक घेऊन त्यांनी आसनं आणि क्रिया तपासल्या, आणि नौलीत आतड्यात खरोखर हवेचा ऋण दाब तयार होतो हे मोजून दाखवलं. पोटाच्या भिंतीतल्या स्नायूंनी केलेलं ते काम आहे. आतड्यानं त्यात आपली वहिवाट सोडलेली नाही.

चौथी हरकत भावनेची आहे. मला राग आला की छाती धडधडते, परीक्षेच्या सकाळी पोटात कालवतं, तेव्हा माझं मन खालपर्यंत पोचतंच की. पोचतं, यात वाद नाही. अधिवृक्क ग्रंथी ॲड्रेनलीन सोडते, तोंड कोरडं पडतं, आतड्यांचं रक्त स्नायूंकडे वळतं, आणि सगळं शेत पळायला किंवा झुंजायला तयार होतं. गंमत एवढीच की मालकाला यातलं काहीच नको असतं. त्याला मुलाखतीत तीन ओळी धड बोलायच्या असतात आणि नेमकी तेव्हाच जीभ टाळ्याला चिकटते. वाड्यावरून किंकाळी ऐकू आली की शेतावर धावपळ होणारच. त्या किंकाळीला हुकूम म्हणत नाहीत.

मालकाला शेताची खबर मिळते ती दुखण्यातून, आणि ते टपालही भलत्याच पत्त्याचं असतं. हृदयाला रक्त कमी पडलं तर डावा हात किंवा जबडा दुखतो. आंत्रपुच्छ सुजलं की पहिली कळ बेंबीपाशी येते. श्वासपटलाच्या मध्यभागाला काही झालं की दुखतो खांदा. याचं कारण गर्भात आहे. श्वासपटलाची सुरुवात मानेच्या जवळ होते, ते खाली सरकताना आपली चेता मानेतूनच ओढून नेतं, आणि खांद्याच्या त्वचेची खबरही मज्जारज्जूच्या त्याच पायरीवर येते. वर बसलेल्याला दोन्ही एकच वाटतात. यकृताच्या आतल्या भागाला तर वेदनाच नाही, त्याच्या वेष्टनाला आहे. सगळ्यांत कडी म्हणजे मेंदूच्या गाभ्याला वेदना कळत नाही, त्यामुळे काही शस्त्रक्रिया रुग्ण जागा ठेवून, त्याच्याशी बोलत करता येतात. सगळ्या शेताच्या तक्रारी ऐकणारा हा मालक आपल्याच घराचं छप्पर कुणी उचकटलं तर गप्पा मारत बसतो.

कुळकायदा जाणणारा वाचक इथं कलम काढेल. जमीन खुद्द कसायची असेल तर ती परत मिळवण्याची तरतूद कायद्यात होती. मग शरीर खुद्द कसायला घेतलं तर? हा अर्ज मंजूर झाला तर काय होईल याचा अंदाज करता येतो. मिनिटाला पंधरा या हिशेबानं दिवसाचे श्वास २१,६०० होतात. योगपरंपरेतही नेमका हाच आकडा सांगितलेला आहे. तेवढे श्वास एकेक करून लक्षात ठेवून घ्यायचे, लाखभर ठोके द्यायचे, १८० लिटर गाळायचे, आणि वर डोळ्यांच्या पापण्या मिटायच्या, नाहीतर बुबुळं सुकतील. मालक यातलं एखादं काम दुपारपर्यंत रेटेल. मग त्याला डुलकी लागेल. श्वासाचं काम आजही दोघांच्या सामाईक खात्यावर आहे: तो धरता येतो, लांबवता येतो, त्यावर गाता येतं. पण रक्तातला कार्बन डायऑक्साइड ठरावीक पातळीला गेला की तळमजला तो हातातून काढून घेतो. फार थोड्या मुलांमध्ये तळमजल्यावरची ही सोय जन्मतःच अधू असते. झोपेत त्यांचा श्वास पुरेसा चालत नाही आणि रात्रभर यंत्राची मदत लागते. खुद्द कसायला घेणं म्हणजे काय, हे त्यांच्या आईबापांना विचारावं. इतरांनी अर्ज निमूटपणे मागे घ्यावा.

तरी एक जागा अशी आहे जिथं मालकाचा ताबा खरा आहे आणि तो मी नाकारत नाही. मूत्राशयाच्या तोंडाशी दोन दरवाजे आहेत. आतला अनैच्छिक, बाहेरचा ऐच्छिक. दीडशे-दोनशे मिलिलिटर जमलं की पहिली सूचना येते, चारशे-पाचशेच्या सुमारास तगादा लागतो. आतला दरवाजा सैल पडतो, पण बाहेरचा मालकाच्या हुकमाशिवाय उघडत नाही. हा हक्क जन्मतः मिळत नाही. दोन-तीन वर्षांच्या वयात, घरातल्या सगळ्या वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखाली तो मिळवावा लागतो, आणि मिळाला की आळीभर सांगितला जातो. तीन अंकी नाटक, साहित्य संमेलनातलं अध्यक्षीय भाषण, गणपतीची रांग, रातराणी एसटी, या सगळ्या गोष्टी त्या बाहेरच्या दरवाजाच्या भरवशावर उभ्या आहेत. मात्र तिथंही मालकाच्या हाती येते ती मुदतवाढ. दावा रद्द होत नाही. शिवाय कूळ हुशार आहे. दोन तास शांत बसलेलं मूत्राशय घराच्या दाराशी किल्ली शोधताना एकाएकी का खवळतं, हा अनुभव वैद्यकालाही ठाऊक आहे: दार, किल्ली, जिना या खुणा ते ओळखू लागतं. एसटी डेपोत शिरायला वळते, कंडक्टर अजून 'गाडी दहा मिनिटं थांबेल' म्हणालेला नसतो, आणि सुनावणीची तारीख कुळानं आधीच लावून घेतलेली असते.